पहारा आणि पेज

ताई, नमस्कार.

अन्नाशिवाय जगते असं म्हटल्या जाणाऱ्या एका मुलीची आणि तिच्यावर बसवलेल्या पहाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या 'द वंडर' या सिनेमावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, हा सिनेमा श्रद्धाळू माणसांना अडाणी आणि निर्दय ठरवतो, बाहेरून आलेली इंग्रज नर्स तेवढी शहाणी, आणि मीही तिच्याच बाजूने उभी राहिले. शेवटी तुम्ही विचारलंत, 'शिरगावच्या लईराईच्या धोंडांचं व्रतही तुम्हाला ढोंग वाटतं का?' तुमचे वडील सतरा वर्षं धोंड होते, म्हणजे गोव्यातल्या या देवीच्या जत्रेसाठी व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भक्तांपैकी एक, तेव्हा या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं.

नाही वाटत. माझं आजोळ डिचोलीचं. वैशाख शुद्ध पंचमी जवळ आली की मामा घरातलं शिजवलेलं खायचे बंद होत. सोवळ्यात, बाकीच्या धोंडांबरोबर, स्वतः रांधून खायचे. जत्रेहून परतले की त्यांच्या बेताला, म्हणजे हातातल्या वेताच्या काठीला, मोगऱ्याचा वास असायचा, आणि आजी त्यांचे निखाऱ्यांवरून चालून आलेले पाय आधी हाताने चाचपून बघायची. त्या व्रताबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते आधी. लेखात मी त्या मुलीच्या आईला 'निर्दय' म्हटलं होतं. ते चुकलं. सिनेमाची गोष्ट 1862 सालच्या आयर्लंडमधली आहे. 1845 पासून पुढची काही वर्षं बटाट्याचं पीक सडत गेलं आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. जवळपास तितकीच देश सोडून गेली. ज्या घरांनी ते पाहिलं, तिथे घासाला काय अर्थ असेल? त्यात या बाईचा मुलगा गेलेला. अशा आईला लेक सांगते की मला अन्न लागत नाही, स्वर्गातून मिळतं. मी त्या बाईकडे फक्त शेवटच्या प्रसंगातून पाहिलं, आधीची वर्षं धरलीच नाहीत. लेखातला तो शब्द आज काढला आहे.

पण सिनेमा नर्सला जिंकवतो, हे मला मान्य नाही. अकरा वर्षांच्या ॲनाने चार महिने काही खाल्लेलं नाही, असा गावाचा दावा. गावचे प्रतिष्ठित लोक समिती नेमतात आणि दोघींना पहाऱ्यावर बसवतात. एक ख्रिस्ती जोगीण (नन), दुसरी क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हाताखाली काम केलेली नर्स लिब. दोघींनी पाळीपाळीने फक्त बघायचं. लिबच्या नजरेतून काही सुटत नाही. सकाळ-संध्याकाळ पापा घेताना आई चावलेला घास लेकीच्या तोंडात देते, हे तिला कळतं. पण ते कळण्याआधीच तिने घरच्यांना मुलीला शिवायची बंदी केलेली असते. आणि तेव्हापासून ॲना खरोखर उपाशी राहू लागते. ताई, हा प्रसंग परत बघा. तपासाने चोरी पकडली आणि तपासानेच त्या पोरीचा घास तोडला. पुढे लिब आईच्या विनवण्या करते, पूर्वीसारखा पापा घे म्हणून. आई नाही म्हणते. शहाणी आणि अडाणी अशी वाटणी इथे कुठे उरते?

आणि हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. वेल्समध्ये सेरा जेकब नावाची मुलगी होती. दोन वर्षं ती अन्नाशिवाय जगते आहे, असा बोलबाला झाला. डिसेंबर 1869 मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलच्या नर्सेस तिच्यावर पहाऱ्याला आल्या. तिने मागितलं तर द्यायचं, आपण होऊन विचारायचं नाही, असा त्यांना हुकूम. मुलीने मागितलं नाही. आठवडा उलटताच ती गेली, बारा वर्षांची. पुढे खटला होऊन बापाला बारा महिने आणि आईला सहा महिने शिक्षा झाली. ज्यांनी पहारा बसवला त्यांना काही झालं नाही. मला राग आला तो इथे. बघणाऱ्यांपैकी एकालाही 'बाळा, काही खातेस का?' असं विचारावंसं वाटलं नाही, आणि वाटलं असेल तर हुकुमापुढे ते गिळलं.

सिनेमातला डॉक्टरही बघा. त्यालाही चमत्कार हवाच आहे, फक्त त्याला शास्त्राचं नाव द्यायचं आहे. म्हणून श्रद्धाविरुद्ध विज्ञान हे तुमचं वाचन मला अपुरं वाटतं.

आपल्याकडे गोव्यात, कांदोळीत 1756 साली जन्मलेला आबे फारिया कायम ख्रिस्ती धर्मगुरूच राहिला. पॅरिसमध्ये लोक संमोहनाला मांत्रिकाची शक्ती, चुंबकाचा अदृश्य प्रवाह समजत होते, तेव्हा त्याने सांगितलं की ती झोप झोपणाऱ्याच्याच मनातून येते, झोपवणाऱ्याच्या हातातून नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी 1945 पासून त्याचा पुतळा उभा आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. सिनेमाच्या शेवटी मला हाच माणूस आठवला. लिबला औषधाने यश येत नाही, वाद घालून येत नाही. ती ॲनाला त्या मुलीच्याच विश्वासाच्या भाषेत सांगते, की ॲना आता मरेल आणि डोळे उघडशील तेव्हा तू नॅन असशील. मुलगी डोळे मिटते आणि नॅन होऊन उठते. देव मानणाऱ्या पोरीला तिचा देव न हिसकावता वाचवलं. याला श्रद्धेचा अपमान कसं म्हणू?

(सुरुवातीला दिसणारा स्टुडिओ आणि उभारलेला सेट तुम्हाला खटकला. मला आवडला. ही गोष्ट आहे हे आधीच सांगून ती खरी मानायला लावणं मला प्रामाणिक वाटलं. यावर आपलं जुळलं नाही तरी चालेल.)

हे सगळं मला इतकं लागतं त्याला घरचं कारण आहे. माझी मावशी सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी असे उपास धरायची. वाळत गेली, जिना चढताना धापा टाकायची. आम्ही भाचरं तिच्या पाया पडायचो आणि म्हणायचो, काय हिची भक्ती! ती चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं की अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. 'आज जेव गं' म्हणणारं घरात कोणी नव्हतं. मीही नव्हते.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. एका वर्षी व्रतात तुमच्या वडिलांना ताप भरला, तेव्हा जाणत्या धोंडांनी त्यांना होमकुंडापाशी जाऊच दिलं नाही. 'देवी पुढच्या वर्षीही आहे,' म्हणाले, घरी आणून सोडलं आणि पेज प्यायला लावली. आयर्लंडच्या त्या गावात समिती होती, धर्मगुरू होता, डॉक्टर होता, पहारा होता. पेज पाजणारा हा जाणता तेवढा नव्हता. तुमच्या वडिलांचं व्रत आणि ॲनाचा उपास यांत मला दिसलेला फरक तुम्हीच लिहून पाठवला होतात.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. घरी परतावं लागलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं का, आणि पुढच्या वर्षी ते निखाऱ्यांवरून गेले का, एवढं त्यांना विचारून कळवाल?