पोर्शे ९११ ‘रोजची गाडी’ आणि ‘सोन्यासारखी गुंतवणूक’? नागपुरात हा हिशोब बसत नाही

एक मेसेज गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो इतक्या जणांनी पाठवला की आता उत्तर लिहायलाच हवं. मेसेज थोडक्यात असा: “मोठी सेडान घेऊन पैसे मातीत घालू नका. पोर्शे ९११ घ्या. पुढचा भाग बटणावर उचलला जातो, म्हणून आपल्या रस्त्यांवर रोज चालते. चार सीट आहेत, घरचे मावतात. समृद्धी झाली, पळवायला रस्ता आहे. सर्व्हिस वर्षातून एकदाच. आणि विकायला काढली तर घेतल्या भावात जाते, सोन्यासारखी. ७१८ म्हणजे गरिबाची पोर्शे आणि बीएमडब्ल्यूची एम३४०आय म्हणजे नुसती सेडान, त्यांच्या वाटेला जाऊ नका.”

वर्धा रोडवर माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. या गाड्या माझ्याकडे कधी स्वतःच्या चाकांवर येतात, कधी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर. ९११ मला मनापासून आवडते. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावानं आली, मधल्या शून्यावर प्यूजोनं हक्क सांगितला म्हणून ९११ झाली, आणि इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे ठेवायचा हट्ट तिनं आजवर सोडलेला नाही. म्हणूनच हे लिहितो आहे. चुकीच्या कारणासाठी घेतलेली अशी गाडी सहा महिन्यांत कव्हरखाली जाते आणि मालक दोष गाडीला देतो, हे मी पाहिलं आहे.

आधी लिफ्ट. सोय खरी आहे. पुढचा एक्सल साधारण ४० मिलिमीटर वर येतो, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेग जाईपर्यंत तसाच राहतो, आणि नव्या मॉडेलांत जीपीएसवरून जागा लक्षात ठेवून आपोआप उचलला जातो. पण हा वेगळे पैसे मोजून घ्यायचा ऑप्शन आहे. जुन्या बाजारातली ९११ पाहायला जाल तेव्हा तो आहे असं धरून चालू नका, बटण दाबून बघा. दुसरं म्हणजे उचललं जातं ते फक्त नाक. पोट आणि मागची बाजू तिथंच राहते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट असतो. त्यावरून ९११ आरामात जाते. आपल्या लेआउटांतले ब्रेकर मात्र बहुतेक तिथल्या रहिवाशांनीच सिमेंट ओतून केलेले असतात: उंची तेवढीच, रुंदी हातभर. ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,४५० मिलिमीटर, म्हणजे बराच आखूड आहे. त्यामुळे मधे इंजिन असलेल्या लांब सुपरकार जिथं पोटावर बसतात तिथून ही निघून जाते, आणि ते श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण एखाद्या रविवारी निघून जाणं वेगळं आणि रोज सकाळी शाळा, दवाखाना, एमआयडीसी करणं वेगळं. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या बंपरचा ओठ ब्रेकरवर कमी आणि सिमेंट रोडवरून गल्लीत उतरताना जास्त घासलेला असतो. नवा सिमेंट रोड उंच, जुनी गल्ली खाली, मधे खचलेले पेव्हिंग ब्लॉक. तिथं नाक उचलायला कुणाला आठवत नाही. “भाऊ, खालून काहीतरी घासून राहिलं” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो.

टायरबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. रोजच्या वापराचा खरा प्रश्न तिथंच आहे, म्हणून इथं थोडा थांबतो. कॅरेरा म्हणजे ९११ चा सगळ्यात साधा प्रकार. तिला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० टायर येतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० आणि ३५ हे त्या रुंदीचे टक्के. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात पुढे ९४ मिलिमीटर आणि मागे १०३ मिलिमीटर रबर. २१५/६० आर १६ टायरच्या नेक्सॉनला तेच अंतर १२९ मिलिमीटर मिळतं. खड्ड्याची कड बसली की हा फरक रिमवर उमटतो. पुढचे-मागचे माप वेगळे असल्यामुळे टायर अदलाबदल करून झीज सारखी करता येत नाही, आणि इंजिनाचं सगळं वजन मागे, म्हणून मागची जोडी आधी संपते. पोर्शेनं तपासून मान्य केलेल्या टायरवर एन० किंवा एन१ अशी खूण असते आणि बदलताना तीच मागवावी लागते. असे टायर मी दुकानात ठेवत नाही, नागपुरात ते कुणाला परवडणारही नाही. ऑर्डर द्यायची आणि वाट पाहायची.

स्टेपनी तर नसतेच. किटमध्ये सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर असतो. खिळा घुसला असेल तर त्यावर भागतं, टायर बाजूनं फाटला तर नाही. मग फ्लॅटबेड.

पावसाळ्याचं सांगायलाच नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं आणि तळघरांतल्या पार्किंगमध्ये गाड्या अक्षरशः बुडाल्या. पाणी शिरलेलं इंजिन कुणी सुरू करायला गेलं तर आतले भाग वाकतात, आणि वेगळं इंजिन प्रोटेक्शन कव्हर नसेल तर साधी पॉलिसी ते नुकसान सहसा देत नाही. बुटकी गाडी रोज वापरणार असाल तर हे कव्हर घ्याच.

चार सीटचं एका ओळीत: मागच्या दोन जागा दप्तरांसाठी आणि लहान लेकरांसाठी आहेत, मोठं माणूस तिथं धरमपेठपासून विमानतळापर्यंतही बसू शकत नाही, आणि सध्याच्या कॅरेरा कूपेत मूळ गाडी दोनच सीटची असून मागच्या सीट सांगून घ्याव्या लागतात.

आता समृद्धी. शिवमडक्यापासून निघणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण झाला, आणि नागपूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण गाड्यांना वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. कॅरेरा चार सेकंदांच्या आसपास शंभर गाठते आणि तिचा कमाल वेग २९० च्या पुढे आहे. १२० ला ती आणि एखादी चांगली सेडान सारखीच धावतात. सेडानमध्ये टायरचा आवाज कमी येतो, एवढाच फरक. “पळवायला रस्ता” हे शब्द मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त खटकले. त्या रस्त्यावर टायर फुटून माणसं गेली आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, खाली तापलेलं काँक्रीट. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय वाढते. प्रेशर घरून निघण्याआधी, टायर थंड असताना बघा. पंपावर गरम टायरमधून हवा सोडू नका, टायर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि पुढच्या फेरीत टायर जास्तच तापतो.

९११ ची मजा वळणांत आहे, आणि समृद्धी जवळजवळ सरळ आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ती काय चीज आहे ते कळतं. पण त्या घाटासाठी वर्षातून किती सकाळी निघणार, याचं प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्या.

सर्व्हिस वर्षातून एकदा, हेही खरं. प्रश्न ती कुठं होते याचा आहे. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजची कामं नागपुरात होतात. पोर्शेसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. वर्षातली ठरलेली एक सर्व्हिस ठीक आहे, सहलीच्या निमित्तानं करून येता. अडचण होते ती न ठरलेल्या कामाची. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की गाडी ट्रेलरवर चढते आणि आठवडे परत येत नाही. रोजची गाडी महिनाभर नसेल तर घरात दुसरी रोजची गाडी लागते, म्हणजे मेसेजचा मूळ मुद्दाच गेला.

आणि सोन्याची गोष्ट. लोकांचे सगळ्यात जास्त पैसे याच वाक्यावर अडकतात. ज्या ९११ चे भाव चढले त्या मुख्यतः हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या, १९९८ पर्यंतच्या, किंवा जीटी३ सारख्या मोजक्या निघणाऱ्या गाड्या, आणि तेही युरोप-अमेरिकेच्या बाजारात. साध्या कॅरेराला तो नियम लागू नाही. आपल्याकडचा हिशोब बघा. २०२४ मध्ये नवी कॅरेरा १.९९ कोटींना जाहीर झाली, एक्स-शोरूम. आयात गाडीवर महाराष्ट्रात २० टक्के रोड टॅक्स, त्याची कमाल मर्यादा २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. म्हणजे आज एवढ्या किमतीच्या गाडीला शोरूममधून बाहेर काढतानाच ३० लाख गेले, ते कुठलाही खरेदीदार वेगळे देत नाही. विम्याच्या तक्त्यात गाडीचं मूल्य तीन ते चार वर्षांच्या टप्प्यात ४० टक्के आणि चार ते पाचमध्ये ५० टक्के घटवून धरतात. बाजारभाव याहून बरा मिळू शकतो, पण अपघातात गाडी पूर्ण गेली तर हाती येणारी रक्कम याच तक्त्यातून येते. दोन कोटी सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १४ लाख व्याज मिळालं असतं, तेही धरा.

याहून मोठी गोष्ट करांची. इथल्या किमतीचा मोठा हिस्सा गाडीचा नसतो, सरकारचा असतो. कर खाली आला की तुमच्या दारातल्या गाडीचा भाव त्याच दिवशी खाली येतो. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि आदल्या महिन्यात घेतलेल्यांची पुनर्विक्री किंमत घसरली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि दोन्हीकडे ठरावीक कोट्यातल्या गाड्यांचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरलं आहे. अशा वेळी जर्मनीहून आलेल्या गाडीला सोनं म्हणणं म्हणजे समोरच्याला खड्ड्यात ढकलणं आहे.

शेवटी ज्यांना मेसेजनं हिणवलं त्या गाड्या. ७१८ ला गरिबाची पोर्शे म्हणणाऱ्यानं ती चालवलेली नसावी. हे नाव पन्नाशीच्या दशकातल्या शर्यतीच्या गाडीचं आहे, जिनं १९५९ आणि १९६० ची टार्गा फ्लोरिओ जिंकली. ७१८ च्या केमन या प्रकारात इंजिन मधे असल्यामुळे पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्क्या मिळतात. दोघांच्या सामानाला ती ९११ पेक्षा सोयीची. तिचं उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं, त्यामुळे आता जुनीच शोधावी लागेल.

एम३४०आय पाऊण कोटीच्या घरातली, चेन्नईत जुळवलेली गाडी. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ३७४ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, शंभरला ४.४ सेकंद. इथं जुळवलेली म्हणून रोड टॅक्स २० ऐवजी १३ टक्के. आईवडील मागे नीट बसतात. दोन दारांचीच हवी असेल तर बीएमडब्ल्यूचीच एम२ आहे, तिला मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळतो आणि मागच्या सीटवर मोठं माणूस निदान बसतं. रोज वापर आणि पैशांचं मोल हे दोन निकष मेसेजनंच लावले आहेत, आणि त्या दोन निकषांवर नागपुरात माझं मत एम३४०आयला आहे.

९११ घ्यायचीच असेल तर दुसरी गाडी म्हणून, आवड म्हणून घ्या. पैसे परत येणार नाहीत हे धरून घ्या आणि भरपूर चालवा. टोकन देण्याआधी आपल्या इमारतीच्या तळघराचा रॅम्प मात्र मोजा. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी रॅम्पचा उतार जिथं सपाट होतो तिथं पहिल्याच संध्याकाळी अडकली होती, आणि ती काढायला आम्ही चाकांखाली फळ्या टाकल्या. उतार मोजायचा अँगल गेज माझ्या दुकानात असतो, घेऊन जा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्या.