केळीच्या नकाशावर पीएचडी करायची तर

एका लेखात म्हटलंय की गूगलचं अर्थ इंजिन (उपग्रह प्रतिमा ऑनलाइन हाताळायचं साधन) आणि थोडं पायथन प्रोग्रामिंग आलं की उपग्रह प्रतिमांवर पीएचडी सहज होते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीचा नकाशा करताना हे टिकत नाही. मृगबागेची लागवड जून-जुलैची, कांदेबागेची ऑक्टोबर-नोव्हेंबरची. एकाच तारखेच्या प्रतिमेत गुडघाभर रोपं आणि घड लागलेली बाग शेजारी-शेजारी येतात. म्हणून वर्षभराची मालिका लागते, आणि पावसाळ्यातल्या ढगांआड पाहण्यासाठी सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार.

मालिकेत हमखास फसवणारी गोष्ट वेगळीच. २५ जानेवारी २०२२पासूनच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक पट्ट्याच्या (बँडच्या) आकड्यात १००० मिळवलेले असतात. खरे आकडे बी-८ (अवरक्त पट्टा) चे ४००० आणि बी-४ (लाल पट्टा) चे ५०० असतील, तर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक (दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज), ०.७८. ते हजार वजा केले नाहीत तर ५००० आणि १५०० धरले जातात, उत्तर ०.५४. बाग ठणठणीत, रोग फक्त आलेखात! अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ (हे हजार आधीच वजा केलेला) संच घेतला की हा घोळ मिटतो.

शिवारातले नमुने घेताना बांधापासून निदान एक पिक्सेल (प्रतिमेतला एक चौकोन), म्हणजे १० मीटर आत राहा. आणि एकाच शेतातले पिक्सेल मॉडेलचं प्रशिक्षण व चाचणी दोन्हींत वाटू नका. अचूकता फुगते, परीक्षक तिथेच पकडतात. विभागणी शेतानुसार, जमलं तर गावानुसार करा.

नेट-जेआरएफची (संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेची) तयारी चालू असेल तर देहरादूनच्या आयआयआरएसचे (इस्रोच्या सुदूर संवेदन संस्थेचे) मोफत ऑनलाइन कोर्स सोबत उरकता येतात. पण त्या प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीत नीट जपलेला शिवार-नमुन्यांचा संच जास्त बोलतो.