रॅटाटुई अर्ध्या तासात? छे हो!
एका लेखात लिहिलंय, 'रॅटाटुई' या सिनेमातली रॅटाटुई (वांगी-टोमॅटो-झुकिनीची फ्रेंच भाजी) घरी अर्ध्या तासात होते, असं काही नाही हां. २००७ च्या त्या पिक्चरसाठी शेफ थॉमस केलरने सुचवलेली डिश म्हणजे कॉन्फी बियाल्डी, पातळ चकत्या गोल रचून मंद ओव्हनला दोनेक तास ठेवतात, साधी रॅटाटुई तर फोडी करून शिजवलेली भाजीच. मी जांभळी नाक्यावरून लांब वांगी, टोमॅटो आणले, काकडीसारखी दिसणारी झुकिनी मॉलमधून (महाग!), आणि विळीवर कापायलाच पाऊण तास गेला, त्यात टोमॅटोच्या चकत्या दाबल्या की बियांसकट पाणी बाहेर. चकत्यांखालचा सिमला मिरचीचा सॉस मात्र एकदम भारी झाला, मुलीने तोच पोळीला लावून संपवला आणि वांगी तशीच ठेवली ताटात.