दादांच्या वहीत पहिले नाव कोणाचे?

गाण्यांचे आणखी एक अ‍ॅप बंद होणार ही बातमी सर्वांनी सकाळीच वाचली होती, त्यामुळे शनिवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर ती संध्याकाळी कोणी कोणाला सांगण्याची गरज पडली नाही. बंड्याने एवढेच विचारले की, त्या अ‍ॅपवर जमवलेल्या आपल्या याद्या आता कुठे न्यायच्या. त्यावर साहेबांनी तत्काळ निकाल दिला : दुसरे अ‍ॅप घ्यावे, महिन्याचे शे-सव्वाशे रुपये भरावेत आणि रडणे थांबवावे.

साहेब हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते एका वाक्यात तीनदा ‘इकोसिस्टीम’ म्हणतात. जगातल्या प्रत्येक अडचणीचे उत्तर कोणत्या ना कोणत्या कंपनीने आधीच काढून ठेवलेले आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि सध्या ती कोणत्या कंपनीवर आहे हे त्यांच्या मनगटावरचे घड्याळ पाहून कळते. त्यांचे बोलणे पुरे होण्याआधीच समोरच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून दादा हात पुसत बाहेर आले.

“बंड्या, तू याद्यांसाठी रडतोस, पण यादी म्हणजे नावे लिहिलेला कागद,” दादा म्हणाले. “गाणी तुझ्याकडे होती कधी?”

बंड्या म्हणाला की, होती. त्याने ती फोनमध्ये उतरवून ठेवली होती आणि लोणावळ्याच्या बोगद्यांतसुद्धा ती वाजत असत. दादांनी त्याला शांतपणे समजावले की, फोनमध्ये जे उतरते ते कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली अ‍ॅपकडे असते. स्पॉटिफायवर पैसे भरून उतरवलेली गाणीसुद्धा वाजत राहावीत, म्हणून तीस दिवसांतून निदान एकदा इंटरनेटला जोडून हजेरी लावावी लागते. “आणि गंमत पाहा. स्पॉटिफाय बहुतांशी ज्या ऑग व्हॉर्बिस स्वरूपात गाणी साठवते, ते स्वरूप कोणालाही, कोणाची परवानगी न मागता, एक पैसा न देता वापरता यावे म्हणूनच बनवलेले आहे. एमपी३वर पेटंटचा बोजा होता, तेव्हा झिफ या संस्थेच्या लोकांनी मेहनत करून ते सर्वांसाठी मोकळे ठेवले. मोकळ्या डब्यात भरलेले गाणे ग्राहकाला देताना मात्र त्यावर कुलूप घातले जाते.”

“कुलूप नसेल तर लोक चोऱ्या करतील,” साहेब म्हणाले.

हे वाक्य साहेबांनी या कट्ट्यावर उच्चारायला नको होते. दोन डेकच्या टेपरेकॉर्डरवर पेठेतल्या निम्म्या घरांतल्या कॅसेटा ज्यांनी उतरवून घेतल्या, ते साहेबच होते, आणि तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे दादा होते. पेटीवाल्यांनी तर थेट सांगितले की, त्यांची एक नाट्यगीतांची कॅसेट साहेबांनी कॉलेजात असताना नेली, ती अजून परत आलेली नाही. “ती चोरी नव्हती, तो संगीताचा प्रसार होता,” असे साहेब म्हणाले, आणि आपण नकळत दादांचाच मुद्दा मांडला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. बंड्याच्या मात्र आले.

दादांनी विषय सुटू दिला नाही. त्यांच्या मते खरा धडा भाड्याच्या अ‍ॅपमध्ये नसून विकत घेतलेल्या गाण्यांच्या इतिहासात आहे. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे नक्की वाजणारच, अशी मोहोर काढली. अनेक कंपन्यांनी त्या मोहोरेची यंत्रे बनवली आणि लोकांनी त्या भरवशावर गाणी विकत घेतली. दोन वर्षांनी त्याच मायक्रोसॉफ्टने झून नावाचा स्वतःचा प्लेअर बाजारात आणला आणि त्यावर ती गाणी वाजेनात. पुढे २००८ मध्ये एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्याच गाण्यांच्या दुकानाच्या ग्राहकांना कळवण्यात आले की, ३१ ऑगस्टनंतर परवाने देणारे सर्व्हर बंद होतील, म्हणजे त्यानंतर नवा संगणक घेतला, तर दाम मोजून घेतलेली गाणी त्यावर वाजणार नाहीत. आरडाओरडा झाल्यावर मुदत वाढवण्यात आली. त्याच वर्षी याहूनेही आपले गाण्यांचे दुकान आवरले आणि ग्राहकांना भरपाई देऊ केली.

“यात कोणी चोर नव्हते,” दादा म्हणाले. “ज्यांनी फुकट उतरवली त्यांची गाणी आजही वाजतात. ज्यांनी प्रामाणिकपणे पैसे दिले, तेच अडकले. प्रामाणिक माणसालाच शिक्षा करणारे कुलूप चोरासाठी आहे असे कसे म्हणायचे?”

साहेब या ठिकाणी सावरून बसले, कारण त्यांच्या आवडत्या कंपनीचे नाव अद्याप आले नव्हते. अ‍ॅपलचे गाण्यांचे दुकान २००३ मध्ये नव्व्याण्णव सेंटला एक गाणे या दराने उघडले, त्यामुळे लोकांना इंटरनेटवर पैसे देऊन गाणी घेण्याची सवय लागली, हे त्यांनी ठासून सांगितले. कुलपे रेकॉर्ड कंपन्यांच्या हट्टामुळे होती आणि ती काढावीत असे जाहीर पत्र स्टीव्ह जॉब्स यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये लिहिले, हेही त्यांनी सांगितले. यातले काहीच खोटे नाही, आणि दादांनीही ते मान्य केले; ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी कुलपाविना गाणी विकायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातल्या गाण्यांचे कुलूप गेले, ही माहिती दादांनीच पुरवली.

“पण त्याआधीचे २००४ साल तू गाळलेस,” ते म्हणाले. “रिअल नेटवर्क्सने आपल्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजतील अशी सोय केली, तेव्हा तुझ्या अ‍ॅपलने त्यांच्यावर हॅकरची रीत अवलंबल्याचा आरोप केला आणि पुढच्या सुधारणांमध्ये ती सोय मोडून काढली. गाणे माझे, यंत्र माझे, पैसे दोन्हींचे मी दिलेले, आणि या दोघांनी एकमेकांशी बोलायचे की नाही हे तिसऱ्याने ठरवायचे.”

“त्यावरून ग्राहकांनी भरलेल्या खटल्यात अ‍ॅपलच जिंकली. २०१४ मध्ये, ज्यूरीपुढे,” साहेब म्हणाले.

“जिंकली. कायद्याने जिंकली म्हणून माझी गाणी त्या यंत्रावर वाजायला लागली का?”

कायद्याचे नाव निघाल्यावर वकीलबाईंना बोलणे भागच होते. त्या एरवी फक्त वर्गणीच्या वेळी तोंड उघडतात, असा त्यांच्यावर साहेबांचा जुना आरोप आहे. त्यांनी सांगितले की, अमेरिकेत १९९८च्या कायद्याने कुलूप तोडणे हेच बेकायदा ठरवले. काही सवलती वगळता, हेतू चांगला असला तरी सुटका नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले, पण आपल्या संसदेने त्यात ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ हे शब्द घातले. अशा हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे; पण कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढले, तर ते या कलमात येत नाही. खाजगी वापरासाठीच्या वाजवी उपयोगाला कायद्यात स्वतंत्र जागा आहेच.

“मात्र एक अट आहे,” वकीलबाई पुढे म्हणाल्या. “अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि मदत कशासाठी हवी होती ते कारण. दादा, तुम्ही असे काम करत असाल, तर एक वही घालावी लागेल.”

दादांनी ताबडतोब बंड्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणायला पिटाळले. साहेबांनी चेष्टेने विचारले की, दोनशे पाने भरण्याइतके गिऱ्हाईक पेठेत आहे का. दादा म्हणाले, तुझ्यासारखे लोक आहेत तोवर चिंता नाही.

इतका वेळ गप्प असलेले पेटीवाले आता बोलले, आणि मला वाटते संध्याकाळचा सर्वांत अवघड प्रश्न त्यांचाच होता. “कुलूप असो की नसो, पेटी वाजवणाऱ्याला त्यातून काय मिळते ते मला कोणी सांगा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पाकीट मिळाले, तेवढेच. २०१२च्या त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क काढून घेता येणार नाही असे ठरवले, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, फार चांगले झाले. पण साथीदाराच्या घरी त्यातले काय येते? आणि आता तर स्पॉटिफायवर वर्षाला हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्या मुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. माझ्या गुरुजींची मुद्रणे हजार वेळा कोण ऐकणार?”

हा नियम २०२४ पासूनचा आहे. साहेब म्हणाले की, एवढ्या किरकोळ रकमा वाटण्याचा खर्चच जास्त असतो. पेटीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, “किरकोळ कोणाला?” त्यावर साहेबांनी घड्याळ पाहिले.

दादांनी बँडकँप या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळाचे उदाहरण दिले. तिथे कलावंत आपल्या गाण्याची किंमत स्वतः ठरवतो, ऐकणाऱ्याला वाटले तर तो जास्तही देऊ शकतो आणि फाइल कुलपाविना, फ्लॅकसारख्या मोकळ्या स्वरूपातही मिळते. ती कंपनी २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतली आणि पुढच्याच वर्षी सॉन्गट्रॅडरला विकली. मालक दोनदा बदलले, तरी ज्यांनी गाणी उतरवून ठेवली होती त्यांचे एकही गाणे कोणी काढून घेऊ शकले नाही. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे एमपी३ गाण्यांचे दुकान उघडले आणि २०१३ मध्ये बंदही केले. तिथून घेतलेली गाणी दादांच्या दुकानात आजही वाजतात, कारण त्यांना कुलूप नव्हते. दादांचे हे बोलणे मला पूर्ण पटले. पेटीवाल्यांना मात्र ते अर्धेच पटले. पैसे देऊन गाणे घेणारा माणूस पेठेत आहे कुठे, हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

वकीलबाईंनी त्यात एक गोष्ट अशी सांगितली की, मी ती मुद्दाम लिहून ठेवतो आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो आणि गीत व चाल यांवरचा हक्क त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांना साठ वर्षे केव्हाच उलटली. म्हणजे खाडिलकरांचे पद, बखल्यांची चाल आणि गंधर्वांचा त्या तबकडीतला आवाज, यांवर आज कोणाचीच मालकी नाही. ते तुमचे-आमचे सगळ्यांचे आहे. तरीही अ‍ॅपमध्ये उतरवले की, तेही काल प्रकाशित झालेल्या गाण्याइतकेच कुलूपबंद असते. कायद्याने मुदत संपली की हक्क संपतो. कुलपाला मुदतच नसते.

यावर मी विचारले की, या सगळ्याचा लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणारे स्टॉलमन यांच्याशी काय संबंध, कारण दादा दर आठवड्याला त्यांच्यावर येऊन थांबतातच. दादांनी दुकानातून एक जुना आयपॉड आणला. अ‍ॅपलने आयपॉड बनवणे २०२२ मध्ये थांबवले; दादांनी मात्र त्याची बॅटरी बदलली होती आणि त्यात रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर घातले होते. मूळ सॉफ्टवेअरला जे ऑग आणि फ्लॅक वाजवता येत नव्हते, ते आता त्यावर बिनबोभाट वाजत होते. “कुलूप गाण्यात नसते, ते वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते,” दादा म्हणाले. “प्रोग्रॅम चालवणे, तो कसा चालतो ते वाचणे, तो बदलणे आणि दुसऱ्याला देणे, हे चारही हक्क माझ्याकडे असतील, तर त्यात माझ्याविरुद्धचे कुलूप टिकणारच नाही, कोणीतरी ते काढून टाकील. म्हणून ज्यांना कुलूप हवे असते, त्यांना प्रोग्रॅम बंद ठेवावाच लागतो. फुकट आणि विकत हा मुद्दाच नाही. मी दुरुस्तीचे पैसे घेतो, आणि साहेब तेही बुडवतो.”

साहेब म्हणाले की, सामान्य माणसाला प्रोग्रॅम वाचता येत नाही, त्याला सोय हवी असते. दादांनी उलट विचारले की, त्यांना टेपरेकॉर्डरची आतली रचना कधी कळली होती का. तरीही तो उघडून दुरुस्त करणारा माणूस पेठेत होता आणि तो कोणाच्या परवानगीवर बसला नव्हता, म्हणूनच त्यांचा टेपरेकॉर्डर वीस वर्षे चालला. आणि प्रोग्रॅम न वाचण्याची किंमत सांगायची, तर २००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडींतून लोकांच्या संगणकांत एक छुपा प्रोग्रॅम घुसवला होता. तो मार्क रसिनोविच या तंत्रज्ञाने उघडकीस आणला, आणि पुढे तपासणाऱ्यांना त्याच कुलपात मुक्त सॉफ्टवेअरचा कोड परवान्याच्या अटी न पाळता वापरलेला आढळला. “नक्कल होऊ नये म्हणून बनवलेल्या कुलपातच उचललेला माल होता,” असे दादा म्हणाले, तेव्हा वकीलबाईसुद्धा मोठ्याने हसल्या.

एवढ्यात बंड्या वही घेऊन आला. दादांनी पहिल्या पानावर रकाने आखले : नाव, पत्ता, कारण. सगळे उठण्याच्या बेतात असताना साहेब दादांच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले की, अमेरिकेत नोकरीला असताना त्यांनी एका दुकानातून बरीच गाणी विकत घेतली होती. ते दुकान आता नाही, जुन्या लॅपटॉपमध्ये गाणी आहेत, पण नव्या यंत्रावर ती वाजत नाहीत, तेव्हा सवडीने काही करता येईल का. आवाज पुरेसा खाली आलेला नव्हता. वकीलबाईंनी आपले पेन पुढे केले, बंड्याने पाठ वाकवून वहीला टेकू दिला आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने नाव आणि पत्ता लिहिला. कारणाच्या रकान्यात ‘स्वतःची गाणी स्वतः ऐकणे’ असे लिहावे, असा सल्ला वकीलबाईंनी कोणतीही फी न आकारता दिला. पेटीवाल्यांनी मात्र हरकत घेतली की, आधी कॅसेट परत यावी, तोवर दादांनी लॅपटॉपला हात लावू नये. आणि साहेब “अरे, ती तर बायकोने भंगारात दिली” असे बोलून गेल्यावर कट्ट्यावर जो गदारोळ आणि हशा उसळला, त्यात पुढे कोण काय बोलले ते कोणालाच ऐकू आले नाही.