‘एलिजिबल दिसलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांच्या अपग्रेडवरच्या, म्हणजे जुन्या फोनच्या जागी हप्त्यांवर नवा घेण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एवढं पाल्हाळ कशाला? ॲपमध्ये ‘अपग्रेड एलिजिबल’ दिसलं की जुना हिशेब संपला. दुकानात जायचं, फोन घ्यायचा. साध्या माणसांना घाबरवायचे धंदे आहेत हे.” पुढे ‘फोनच्या पूर्ण किमतीवर विक्रीकर सगळीकडे लागतो’ या माझ्या वाक्यातली चूक दाखवलीत, आणि भाषेतल्या इंग्रजी शब्दांचाही मुद्दा काढलात.

आधी ‘धंदे’ या शब्दाबद्दल. या लेखातून मला एक सेंटही मिळत नाही. त्यात कुठल्या कंपनीची लिंक नाही, कूपन नाही. मत पटलं नाही तर खुशाल खोडून काढा, पण हेतूवर शिंतोडे उडवायचे तर पुरावा हवा. गेली अकरा वर्षं मी ही बिलं ओळ न् ओळ वाचतोय, स्वतःची आणि विचारायला येणाऱ्यांचीही. ‘पाल्हाळ’ त्यातूनच आलंय.

कराबद्दल तुमचं बरोबर आहे. ऑरेगन, मोंटानासारख्या राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही, त्यामुळे ‘सगळीकडे’ हा माझा शब्द चुकला. मान्य.

आता ‘जुना हिशेब संपला’. घोळ सगळा या तीन शब्दांत आहे. ‘एलिजिबल’चा अर्थ इतकाच की तुमच्या लाइनवर (नंबरच्या जोडणीवर) नवं हप्त्याचं खातं उघडायला कंपनी तयार आहे: थकबाकी नाही, क्रेडिट तपासणीत, म्हणजे पत बघतात त्यात, तुम्ही बसता, ठरलेला भाग फेडलेला आहे. जुन्या फोनचे किती हप्ते उरलेत, त्यावरची बिल क्रेडिट्स (दर महिन्याच्या बिलातून वजा होणारी सूट) पुढे चालू राहणार का, नवी ऑफर तुमच्या प्लॅनला लागू आहे का, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही.

एके काळी सांगत होता. दोन वर्षांच्या करारावर स्वस्तात फोन मिळायचा, करार संपला की तुम्ही एलिजिबल, आणि तेव्हा हिशेब खरोखरच संपलेला असायचा. टी-मोबाइलने ती पद्धत २०१३ मध्ये सोडली, व्हेरायझनने नव्या ग्राहकांसाठी २०१५ मध्ये, एटी अँड टीने जानेवारी २०१६ मध्ये. तुमचं वाक्य त्या काळातलं आहे. आज व्हेरायझन आणि एटी अँड टीकडे हप्ते सहसा ३६ असतात, टी-मोबाइलकडे २४, आणि सूट एकरकमी न मिळता तितक्याच महिन्यांत तुकड्या-तुकड्याने बिलात येते.

आकडे मांडून बघा. फोन १०८० डॉलरचा, हप्ते ३६, हप्ता ३० डॉलर. ऑफर ७२० डॉलरची, म्हणजे महिन्याला २० डॉलरचं क्रेडिट. तुमच्या खिशातून जातात १० डॉलर, म्हणून फोन स्वस्त वाटतो. विसाव्या महिन्यानंतर लाइन बंद केलीत, तर उरलेले १६ हप्ते, म्हणजे ४८० डॉलर, एकदम अंगावर येतात आणि राहिलेली ३२० डॉलरची क्रेडिट्स बुडतात. लाइन चालू ठेवून ऑफरच्या अटीत न बसणारा स्वस्त प्लॅन घेतलात तरी क्रेडिट्स थांबू शकतात, हप्ता मात्र ३० डॉलरचाच राहतो. मुदतीआधी रक्कम फेडली तर काय होतं, हे प्रत्येक ऑफरच्या अटींवर आहे. ते वाचल्याशिवाय ‘पे ऑफ’चं बटण दाबू नका.

अर्ध्यावर एलिजिबल दाखवणाऱ्या योजना तर आणखी फसव्या वाटतात. एटी अँड टीच्या नेक्स्ट अप योजनेत, जी नव्या ग्राहकांना २०२५ पर्यंत मिळायची, महिन्याला वेगळे पैसे भरून निम्मी किंमत फेडली की फोन बदलता येतो. पण जुना फोन कंपनीला परत द्यावा लागतो. उरलेले हप्ते त्या बदल्यात माफ होतात, क्रेडिट्सही तिथेच संपतात. आणि तोच फोन नव्या ऑफरसाठी ट्रेड-इन म्हणून, म्हणजे जुना फोन देऊन नव्यावर सूट घ्यायला, चालत नाही. परत करणं वेगळं, ट्रेड-इन वेगळं. दुकानातल्या काउंटरवर हा फरक आपणहून सांगितला जाईल या भरवशावर राहू नका.

ट्रेड-इनचं मी ‘अर्धवट’ लिहिलं म्हणता, तर पुन्हा सांगतो. आयफोनवर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा, अँड्रॉइडवरून गुगल खातं काढा, मगच रीसेट मारा. लॉक राहिलेल्या फोनवर कबूल केलेलं मूल्य मिळत नाही. स्क्रीन फुटलेली नाही आणि फोन चालू होतो, हे दिसेल असे फोटो काढा, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून ठेवा, पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक जपा. फोन पाठवायची मुदत बहुधा ३० दिवसांची असते. ऑर्डरच्या दिवशीच ऑफरचं नाव आणि अटी स्क्रीनशॉटमध्ये घ्या, कारण आठवडाभराने ते पान जागेवर असेलच असं नाही. क्रेडिट दुसऱ्या-तिसऱ्या बिलापर्यंत लागतं. तिसऱ्या बिलातही दिसलं नाही तर फोनवर न बोलता चॅटवर तक्रार करा, म्हणजे ती लेखी राहते.

एवढं वाचून कुणी घाबरत असेल, तर ते मला मान्य आहे. ४८० डॉलरच्या बिलाने घाबरण्यापेक्षा आधी घाबरलेलं परवडलं. ‘दुकानात जायचं, फोन घ्यायचा’ असा सल्ला तुम्ही दुसऱ्यांना देता, तेव्हा त्यांचं बिल तुम्ही भरणार नसता, एवढं लक्षात असू द्या.

भाषेबद्दल म्हणाल तर बिलावर ‘क्रेडिट’ छापलेलं असतं, म्हणून मीही क्रेडिटच लिहितो.

कराचं वाक्य आता असं केलंय: “जिथे विक्रीकर आहे अशा बहुतेक राज्यांत तो सूट वजा न करता फोनच्या पूर्ण किमतीवर, खरेदीच्याच दिवशी घेतात. १०८० डॉलरवर ८ टक्क्यांनी ८६ डॉलर ४० सेंट.” दुकानात जाताना तेवढे पैसे वेगळे ठेवा.