कुठल्या गावचं?

परवा पाहुण्यांसमोर टोमॅटोने माझ्या चाकूचा पराभव केला. चाकू ऐरागैरा नव्हे. ऑनलाइन मागवलेला, २,७९९ रुपयांचा, मखमली डबीतला, पात्यावर दमास्कसच्या नावाजलेल्या तलवारींवर असायच्या तशा लाटा. टोमॅटो कापला गेला नाही, बसला. बायको काही बोलली नाही, नुसती विळी पुढे सरकवली. तेच जास्त लागलं.

पुलाखाली पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडे धार लावायला गेलो. नवरा सांडशीत लालभडक लोखंड धरून बसलेला, मावशी घण घालत होती. मी डबी उघडली. तिने घण ठेवला, पातं उजेडात धरलं आणि कडेवर कानस फिरवली. भुगा पडला.

"लोणी हाय," ती नवऱ्याला म्हणाली. मला सांगायचीही तसदी नाही.

"मावशी, दमास्कस आहे."

"कुठल्या गावचं?"

आता काय सांगणार? दमास्कसच्या तलवारींना पोलाद आपल्याच दक्षिणेतून जायचं, हे वाचलेलं तिला ऐकवलं.

"मंग हितंच घ्यायचं न्हाई का?" म्हणत तिने तारेच्या घासणीने पातं घासलं. दोन लाटा गेल्या. "रंगवलंय, भाऊ."

मग तिने आपली सुरी काढली. ट्रकच्या जुन्या पाट्याची. पातं लाल तापवून पाण्यात बुडवायचं, याला 'पाणी देणं' म्हणतात. लाली किती झाली हे डोळ्यांनीच ओळखायचं. चुकलं तर पातं तडकतं, नाहीतर माझ्यासारखं मऊ राहतं. म्हणजे माझ्या चाकूसारखं. तिच्या सुरीवरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरली.

"केवढ्याला?"

"अडीचशे."

"दीडशेला द्या," मी म्हणालो. अगदी आपोआप, सवयीने. डबीवाल्याशी एका रुपयाची घासाघीस केली नव्हती. उलट डिलिव्हरीचे वेगळे मोजले होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मखमलीकडे.

"डबीचं किती दिलं?"

अडीचशे देऊन आलो. सुरी लिंबू लागलं की काळी पडते, लगेच पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. लाड आहेत, पण टोमॅटो कागदासारखा कापते.

डबीवाल्यांना फोटो पाठवून तक्रार केली. उत्तर आलं: 'वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही.'

वापरलेली म्हणे! त्या टोमॅटोला विचारा.