‘एकच फौज करा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. युरोपीय संघाच्या सामाईक संरक्षण धोरणावरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की सत्तावीस श्रीमंत देशांकडे पैसा आहे, इच्छाच नाही. सगळ्यांची एक फौज केली की प्रश्न मिटला. वर विचारलंत, गोव्यात बसून आपण यात का पडायचं?

आधी गोव्याचंच घेतो. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य इथं आलं तेव्हा पोर्तुगाल नाटो या लष्करी आघाडीचा संस्थापक सदस्य होता. तरीही नाटो जागची हलली नाही. कराराच्या सहाव्या कलमात संरक्षणाची हद्द आखलेली होती: युरोप, उत्तर अमेरिका, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची अटलांटिकमधली बेटं. फ्रान्सचा अल्जीरिया त्यात नावानिशी होता, गोवा नव्हता. आपलं भाग्यच म्हणायचं! कोणाचं संकट सगळ्यांचं मानायचं, यावरच सामाईक संरक्षणाचं घोडं अडतं. आज पोलंडला रशियाची धास्ती, तर इटलीची नजर भूमध्य समुद्रावर.

आणि इच्छा? युरोपीय सैन्याची योजना 1950 मध्ये फ्रान्सनेच मांडली, 1952 मध्ये सहा देशांनी सह्या केल्या आणि 30 ऑगस्ट 1954 रोजी फ्रान्सच्याच संसदेत ती बारगळली. जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्र देण्याची भीती होती, तशीच आपले जवान परक्या हुकमाखाली जाण्याचीही. हुकमाचा गुंता अजून सुटलेला नाही. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सैन्य धाडतात आणि सरकार तीन दिवसांत संसदेला कळवतं. जर्मनीत सशस्त्र मोहिमेला बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. तुमच्या एका फौजेला यातली कुठली रीत लावणार?

पैशाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. पैसा आहे, पण तो कोणाच्या खिशातून जातो ते बघा. 2007 पासून युरोपीय संघाच्या साधारण 1,500 जवानांच्या तुकड्या सहा-सहा महिन्यांच्या पाळीने सज्ज ठेवल्या गेल्या. मात्र ज्याचे जवान, त्याच्याच माथी बहुतेक खर्च. मग ज्याची पाळी तोच हात आखडता घेणार. पंधरा वर्षं उलटली तरी एकही तुकडी मोहिमेवर गेली नाही.

याउलट डिसेंबर 2008 मध्ये सोमाली चाच्यांविरुद्धची संघाची अटालांटा मोहीम उभी राहिली, कारण व्यापारी जहाजं सगळ्यांचीच अडकत होती. गोव्यात ज्यांच्या घरचं माणूस बोटीवर आहे, त्यांना या समुद्री मार्गांचं मोल सांगावं लागत नाही.

तेव्हा मी एका सेनापतीच्या आधी सामाईक तिजोरी मागेन. मोहिमेचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा, आणि तुकडी पाठवणाऱ्या देशाला निदान पैशाची सबब उरू नये.